कारणाच्या रकान्यातलं नाव

गुलजार होडेकर मूळचा दाभोळचा. घरात तीन पिढ्या होड्या, पण याची खरी करामत पाण्यात नव्हती, कागदावर होती. ओमानमध्ये सूर गावाबाहेर, किनाऱ्याच्या रस्त्याला लागून, मासळी गोठवून खोक्यांत भरणारा एक कारखाना आहे. तिथे तो बावीस वर्षांपूर्वी खोकी उचलायला लागला आणि चढत चढत क्वालिटी सुपरवायझर झाला. मासळी ताजी आहे की नाही हे तो नुसत्या वासावरून सांगायचा. पगार मात्र त्याला मिळायचा तो ती ताजी आहे असं लिहिण्याचा.

लिहिण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. कोल्ड स्टोअरचं तापमान दर तासाला नोंदवायचं असा नियम. होड्या लागल्या की माल सावरता सावरता नाकी नऊ येतात, तिथे तासातासाला वही कोण उघडणार? गुलजार संध्याकाळी चहा घेऊन बसायचा, शेजारी तीन-चार वेगवेगळी पेनं, आणि दिवसभराचे आकडे एका बैठकीत भरून टाकायचा. उणे अठरा, उणे एकोणीस, पुन्हा उणे अठरा. मधेच एखादा आकडा खोडून दुरुस्त करायचा, म्हणजे वही वापरातली वाटते. त्याला खोटारडा म्हणणंही जड जातं, कारण कोल्ड स्टोअर खरोखरच थंड असायचं.

आखातात वर्षं काढलेली आपली माणसं दोन प्रकारची कामं ओळखतात, करायची आणि दाखवायची. दाखवायच्या कामाला त्यांचा शब्द आहे, कागदापुरतं. व्हिशावर सुतार असलेला माणूस गाडी चालवतो, तो कागदापुरता सुतार. रजेवर असलेला माणूस समोर काम करताना दिसतो, तो कागदापुरता रजेवर. यात कुणाचं काही बिघडत नाही, आणि बिघडलं तर अर्बाब, म्हणजे मालक, कुणाला तरी फोन करून ते निस्तरतो. गुलजारच्या बावीस वर्षांत कागदाने कधी कुणाला चावा घेतला नव्हता.

बायको शकीला आणि मुलगी तस्नीम मस्कतजवळ अल अमेरातला राहायच्या. तो गुरुवारी संध्याकाळी तिकडे जायचा आणि शनिवारी परतायचा. जाताना त्याच्या गाडीत बर्फाची पेटी असायची, आणि त्या पेटीतली मासळी निवडून, साफ करून ठेवलेली असायची ती शांतारामने. शांताराम पालशेतकर खाडीपलीकडचा, वेलदूरचा. अकरा वर्षांपूर्वी गुलजारनेच त्याला व्हिसा काढून आणलं होतं. ब्लास्ट फ्रीझर म्हणून एक खोली असते, जिथे मासळी काही तासांत दगडासारखी होते. तिथे ट्रॉल्या ढकलायचं त्याचं काम. माणूस साधा, अंगाने काटक, आणि एकदा कुणावर विश्वास टाकला की परत मोजून न घेणारा. तस्नीमला मराठी अडखळत यायची, पण ‘शांताराम अंकलने सुरमई पाठवली का’ हे ती न अडखळता विचारायची.

आता यात चीन कुठून आला, तर कारखान्याचा निम्मा माल तिकडेच जायचा. माकूळ आणि वाकटी. चीन सरकारच्या दफ्तरात कारखान्याची नोंद होती, नोंदीचा एक नंबर होता, आणि तो नंबर प्रत्येक खोक्यावर छापलेला असायचा. तो नंबर आहे तोवर एकशे चाळीस माणसांची चूल पेटत होती. महासाथ आली तेव्हा चीनने ठरवलं, की बाहेरून येणाऱ्या गोठवलेल्या मालाबरोबरही रोग आत येतो. मग बंदरात खोकी पुसून तपासायला लागले. खोक्यावर विषाणूचा अंश सापडला, तर त्या कारखान्याचा माल आठवडाभर बंद. तिसऱ्यांदा सापडला, तर चार आठवडे. जगातले शहाणे या धोरणाबद्दल काय काय बोलत होते ते बोलोत. सूरला एवढंच कळत होतं, की हे लोक बोलतात तसं करतात.

दोन हजार एकवीसच्या फेब्रुवारीअखेरीस कारखान्याच्या एका खोक्यावर विषाणू सापडला. वर्षातली ही दुसरी वेळ. आठवड्याची बंदी आली आणि तिच्या मागोमाग एक पत्र आलं. चौकशी करा, दुरुस्ती करा, अहवाल पाठवा. त्यानंतर व्हिडिओवरून तपासणी होईल. पत्राबरोबर पाच रकान्यांचा एक तक्ता होता: काय घडलं, कशामुळे घडलं, कुणामुळे घडलं, त्याच्यावर काय कारवाई केली, आणि कारवाईचा पुरावा.

गुलजारने मनापासून चौकशी केली. सगळ्यांची तपासणी करून घेतली, एकशे चाळीसच्या एकशे चाळीस निगेटिव्ह. खोकं पुठ्ठ्याचं, ते बनलं दुसऱ्या गावात, ट्रकमध्ये चढवलं दुसऱ्यांनी, बंदरात हाताळलं तिसऱ्यांनी, आणि महिनाभर समुद्रावर होतं. विषाणू कुठे चिकटला हे परमेश्वरालाच ठाऊक. त्याने दुसऱ्या रकान्यात लिहिलं, ‘कारण सापडलं नाही’, आणि तिसरा रकाना कोरा ठेवला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याने शंभर टक्के खरा कागद लिहिला होता, आणि तोच दोन तासांत परत आला.

परत पाठवणारी होती चीनमधल्या खरेदीदाराकडे कामाला असलेली एक बाई. सगळे तिला एजंटबाई म्हणायचे. ती फोनवर नीट, सावकाश इंग्रजी बोलायची. रागावली वगैरे अजिबात नव्हती. तिने त्याला समजावून सांगितलं, की कारण सापडलं नाही हे उत्तर तिला पुढे पाठवताच येत नाही. ते घेतलं तर बंदरातल्या अधिकाऱ्याला शहराचे लोक विचारणार, शहराला प्रांत विचारणार, प्रांताला राजधानी विचारणार, आणि ज्याच्या हातात देण्यासारखं नाव नसेल त्याची खुर्ची जाणार. तिच्या ओळखीच्या एका अधिकाऱ्याची अशीच गेली होती.

लांबून बघणाऱ्याला चीनचं सरकार म्हणजे एकच भलामोठा हात वाटतो. जवळून ती मडक्यांची उतरंड आहे. प्रत्येकाच्या डोक्यावर दुसरा बसलेला, आणि प्रत्येकाला आपण फुटायचं नाही एवढीच चिंता. त्या उतरंडीचं अगदी तळाचं मडकं त्या दिवशी ओमानमध्ये सूरला ठेवलेलं होतं. एजंटबाई शेवटी म्हणाली ते गुलजार पुढे कधी विसरला नाही. ती म्हणाली, “मिस्टर गुलजार, वर कुणालाही सत्य नको आहे असं नाही. पण फाईल बंद व्हायला नाव लागतं.”

अर्बाब भला माणूस होता. त्याने सांगितलं, तुला योग्य वाटेल ते लिही, पण परवापर्यंत लिही, नाहीतर खलास. आणि तो निघून गेला. योग्य वाटेल ते लिही, हे वाक्य मालक लोक फार सहज बोलतात.

गुलजार ऑफिसात दार लावून बसला. पॅकिंग विभागाचा जबाबदार माणूस म्हणून चीनच्या दफ्तरात नाव होतं ते त्याचंच. ते लिहिलं असतं तर प्रश्न मिटला असता. पण त्याचं नाव गेलं की नोकरी गेली, नोकरी गेली की व्हिसा, आणि व्हिशाबरोबर शकीला आणि तस्नीम. तस्नीमची बारावीची परीक्षा दोन महिन्यांवर आलेली. दुसरं कुणाचं नाव लिहायचं तर त्याला काहीतरी आधार हवा. त्याने आजारपणाची वही काढली. माल भरला त्या आठवड्यात एकाच माणसाने घसा दुखतो म्हणून दोन दिवस विश्रांती घेतली होती. शांताराम.

त्याच्या नोंदीमागे तपासणीची चिठ्ठी टाचलेली होती. निगेटिव्ह, तारखेसकट. गुलजारने ती चिठ्ठी टाचणीतून सोडवली, चार तुकडे केले आणि केराच्या टोपलीत टाकली. मग तिसऱ्या रकान्यात नाव लिहिलं. चौथ्यात लिहिलं, ‘कामावरून काढून टाकले’. अक्षर नेहमीसारखंच सुरेख आलं. कागदापुरतं लिहिताना ते कधीच बिघडत नसे.

त्याच दुपारी त्याने शांतारामला बोलावून सांगितलं, की तुझं नाव लिहिलंय, कागदापुरतं. चार दिवस खोलीवर बस, तपासणी झाली की पुन्हा कामावर ये. शांतारामने एवढंच विचारलं, की पगार कापणार नाहीत ना. नाही म्हटल्यावर तो हसला. म्हणाला, “भाई, चीनच्या सरकारला माझा नाव ठाव झाला. आमच्या तलाठ्याला अजून झाला नाय.”

तपासणी झाली सकाळी दहाला. फोनच्या पडद्यावर तीन माणसं, मास्क लावलेली, समोर वह्या, आणि एक दुभाष्या. अतिशय सभ्य. गुलजार फोन हातात धरून त्यांना कारखाना दाखवत होता. हात धुवायच्या जागा दाखवल्या, औषध फवारलेले बूट दाखवले, दारावरची पाटी दाखवली. त्यांनी कामगार मोजले. मोजणी बरोबर आली, एकशे एकोणचाळीस. आता संपलं असं वाटत असतानाच दुभाष्या म्हणाला, की कामगार राहतात ती जागाही बघायची आहे. आत्ता, फोन बंद न करता.

कामगारांच्या खोल्या कारखान्यामागे तीन मिनिटांवर. आणि तिथे शांताराम बसलेला होता. बरोबर चाललेल्या पोऱ्याला त्याने डोळ्याने खूण केली आणि तो पुढे धावला. गुलजार मुद्दाम सावकाश चालला, पडद्यावरच्यांना समुद्र दाखवला, पाण्याच्या टाक्या लांबून दाखवल्या. तो खोलीत शिरला तेव्हा शांतारामची खाट रिकामी होती. चादर ओढून नीट केलेली, खाली चपला मात्र तशाच राहिलेल्या. तपासणी आणखी चाळीस मिनिटं चालली. तेवढा वेळ शांताराम टाकीमागे उन्हात अनवाणी उभा होता, पाय एकाआड एक उचलत. हे गुलजारला खिडकीतून दिसत होतं, आणि फोन तो दुसरीकडे वळवून धरत होता.

शेवटी मधल्या माणसाने तक्ता उघडला. त्याने पाचव्या रकान्यावर बोट ठेवलं. हा माणूस काढला असं तुम्ही लिहिलंत, मग पुरावा कुठे आहे? व्हिसा रद्द झाल्याचा कागद, मायदेशी गेल्याचं तिकीट. आणि झाल्या प्रकाराबद्दल सर्व कामगारांना समज दिल्याची नोंद, प्रत्येकाच्या सहीनिशी, फोटोसकट. हे सगळं सात दिवसांत पाठवा. तो माणूस खेकसला नाही की संशयाने बोलला नाही. त्याने लिहिलेलं वाचलं होतं, इतकंच. गुलजारने आयुष्यभर लिहिलेलं असं कुणी शेवटच्या ओळीपर्यंत वाचेल हे त्याच्या स्वप्नातही नव्हतं.

तो अर्बाबकडे गेला आणि पहिल्यांदा खरं ते बोलला. अर्बाब म्हणाला, एकाला पाठव, एकशे एकोणचाळीस वाचतील. सहा महिन्यांनी त्याला परत आणू, इन्शाल्ला. हे तो मनापासून बोलला होता. गुलजारने हेच शांतारामला सांगितलं. आईची आण घेऊन सांगितलं. शांताराम म्हणाला, की बरं झालं, दोन वर्षं घर बघितलं नव्हतं, पोरगी चालायला लागली असेल.

समज देण्याची सभा पॅकिंग हॉलमध्ये झाली. गुलजारने हिंदीत वाचून दाखवलं: शांताराम पालशेतकर याने आजार लपवून काम केलं, त्यामुळे माल दूषित झाला, म्हणून त्याला काढण्यात येत आहे. शांतारामचा व्हिसा रद्द व्हायला अजून दोन दिवस होते, त्यामुळे कागदोपत्री तो कामगारच होता आणि सहीला लागत होता. तो रांगेत उभा राहिला, नंबर आल्यावर पुढे आला आणि आपल्याच नावाच्या समजेखाली मराठीत सही केली. मागच्या पोरांना हसू आलं. तोही हसला. सही केलेल्या समजेसकट त्याचा फोटो निघाला. तो फोटो चीनला गेला तसाच कारखान्यातल्या कुणाच्या तरी फोनवरून गुहागर तालुक्याच्या ग्रुपवरही गेला, आणि शांताराम विमानात बसायच्या आधी वेलदूरला पोचला.

मार्चच्या शेवटी तो गेला. बंदी उठलेली होती, माल सुरू झाला होता, फाईल बंद झाली होती. एजंटबाईने गुलजारला निरोप पाठवला, की अहवाल उत्तम होता, बंदरात इतर कारखान्यांना नमुना म्हणून दाखवला.

वेलदूरला शांतारामला चौदा दिवस शाळेत ठेवलं. तपासणी निगेटिव्ह आली. तो घरी आला तोवर निम्मा एप्रिल सरला होता. त्या एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे काय झालं ते कुणी कुणाला सांगायला नको. कोकणात घराघरांत माणसं झोपली. शांतारामचा मोठा भाऊ बाळकृष्ण, होडीवर जाणारा, रेड्यासारखा माणूस, नऊ दिवसांत गेला. चिपळूणला नेलं होतं, तिथून त्याला घरी आणताच आलं नाही. गावात बोललं गेलं, की चीनमध्ये रोग नेणारा आता इथे घेऊन आला. फोटो होताच सगळ्यांकडे. खाली सहीसुद्धा होती.

इकडे ओमानने भारतातून येणाऱ्यांना दार लावलं ते सप्टेंबरात उघडलं. दार उघडल्याच्या दुसऱ्या दिवशी गुलजारने शांतारामचा पासपोर्ट नंबर काढून कागद तयार केले. कामगारांची नवी यादी दरवर्षी चीनला जायची, म्हणून सहज एजंटबाईला विचारलं. ती घाबरली. ते नाव यादीत पुन्हा दिसलं, तर पहिला अहवाल खोटा ठरेल, आणि मग आठवडा नाही की महिना नाही, नंबरच जाईल. आणि तिच्या बाजूला ज्यांनी ज्यांनी सह्या केल्या त्यांचंही काही खरं नाही. तिने विचारलं, ती फाईल बंद झाली आहे ना, मग ती का उघडता? अर्बाबने खांदे उडवले. गुलजारने कागद खणात टाकले.

शांतारामचा फोन आधी आठवड्याला यायचा, मग महिन्याला, मग थांबला. नंतर एक दिवस त्याची बायको कलावती बोलली. आधी तिने शकीलाची चौकशी केली, तस्नीमची केली, मग रडायला लागली. म्हणाली, की दीर गेल्यापासून हे घरात झोपत नाहीत. जाळी ठेवायच्या खोपटात राहतात. पोरीला जवळ घेत नाहीत, ती धावत गेली तर उठून लांब जातात. डॉक्टरने सांगितलं, सरपंचाने सांगितलं, वर्ष उलटलं, ऐकत नाहीत. म्हणतात, माझ्या अंगात आहे ते, भाईंनी कागदावर लिहून दिलंय. तिने विचारलं, “भाई, तुमी असा काय लिवलात?”

गुलजारने फोनवर काहीतरी सांगितलं. काय सांगितलं ते त्यालाही नंतर आठवलं नाही. शकीला मात्र सगळं ऐकत होती, आणि त्या दिवशी तिला त्याने पहिल्यांदा पूर्ण हकिगत सांगितली. ती ओरडेल, बोलेल, अशी त्याची अपेक्षा होती. ती म्हणाली, “तस्नीमच्या परीक्षेसाठी केलंत ना? मग तिला कधी कळू देऊ नका.” आणि आत निघून गेली. बावीस वर्षांच्या संसारात तिने त्याला लावलेला हा सर्वांत मोठा बोल होता, आणि त्याने तो मुकाट्याने सोसला.

मग दोन हजार तेवीसच्या जानेवारीत चीनने आपलं धोरण उचलून बाजूला ठेवलं. आठ तारखेपासून गोठवलेल्या मालाची विषाणूसाठी तपासणी बंद. तीन वर्षं ज्यासाठी माणसं बुटांवर औषध फवारत होती, वह्या भरत होती, खुर्च्या गमावत होती, ते सगळं एका सूचनेने संपलं. का सुरू केलं हे जसं तपशिलात सांगितलं होतं, तसं का बंद केलं हे कुणी सांगितलं नाही. कारखान्यात पेढे वाटले. गुलजारने त्या सूचनेची प्रत काढली, इंग्रजी भाषांतर केलं, आणि तीन आठवड्यांची रजा मागितली.

दाभोळहून खाडी ओलांडणाऱ्या तरीत बसून तो पलीकडे उतरला आणि वेलदूरला पोचला तेव्हा दुपारचे चार वाजले होते. कलावतीने पडवीत खुर्ची दिली. शांताराम अंगणाच्या पार दुसऱ्या टोकाला, दगडी गडग्यापाशी बसला. तोंडाला मास्क, तोही धुऊन धुऊन पातळ झालेला. केस पिकले होते. त्याने आधी तस्नीमचं विचारलं. ती पुण्याला शिकते हे ऐकून त्याला खरोखर आनंद झाला, तो डोळ्यांत दिसला.

गुलजारने प्रत काढली आणि सांगितलं, की बघ, त्यांनी स्वतःच तपासणी बंद केली. शांताराम म्हणाला, “बंद केली म्हणजे रोग गेला. आधी नव्हता असा कुठं लिवलाय?” मग गुलजारने कागद घडी करून खिशात घातला आणि मनात दोन वर्षं ठेवलेलं बोलून टाकलं. तुझी तपासणी निगेटिव्ह होती. चिठ्ठी मी फाडली. मला एक नाव हवं होतं, माझं लिहायची हिंमत झाली नाही, म्हणून तुझं लिहिलं. तुझा काही संबंध नव्हता, ना तिकडच्या खोक्याशी, ना बाळकृष्णदादाशी. बोलताना तो रडला. पडवीत कलावती तोंडाला पदर लावून उभी होती.

शांतारामने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग एखाद्या लहान मुलाची समजूत घालावी तसा बोलायला लागला. म्हणाला, घसा तर दुखत होताच ना, भाई. चिठ्ठी इथलीही निगेटिव्हच होती, पण दादा गेलाच की. आपलं मशीन चुकत असेल, त्यांच्या मशीनने तर खोक्यावर पकडलं. एवढं मोठं सरकार, एका खोक्याचा पाठपुरावा करून माझ्या खाटेपर्यंत आलं, ते उगाच येईल काय? त्या तिघा माणसांनी तुमचा कागद तपासला, मान्य केला. त्यांना खोटं कळलं नसतं?

गुलजार पुन्हा पुन्हा तेच सांगत राहिला. अल्लाची शपथ घेतली. शांतारामच्या डोक्यावर हात ठेवून सांगायला तो पुढे आला, तेव्हा शांताराम पटकन उठून चार पावलं मागे सरला, अंतर राहावं म्हणून. ऊन उतरलं होतं, दाभोळला जाणारी शेवटची तर सुटायची वेळ होत आली होती. गुलजारला कळून चुकलं, की सुरेख अक्षरात लिहिलेलं आता त्याच्या तोंडच्या शब्दाने खोडलं जाणार नाही. तरी तो म्हणाला, “शांताराम, मी खोटं लिहिलं होतं रे. ऐक माझं. खोटं लिहिलं होतं.”

शांतारामच्या डोळ्यांत पाणी आलं. “तुमी देवमाणूस, भाई,” तो म्हणाला. “मना बरा वाटावा म्हणून एवढा खोटा बोलायला तुमी खाडी उतरून आलात. दुसरा कोन आला असता?”

मग तो पाहुण्याला तरीपर्यंत पोचवायला म्हणून दहा हात अंतर ठेवून गुलजारच्या मागे चालू लागला.